खरमाटे सरांची गावपळण

प्रा. सुशांत खरमाटे यांच्या पीएच.डी.चं शेवटचं प्रकरण गेली कित्येक वर्षं अगदी लिहून होत आलं होतं. "फक्त निष्कर्ष राहिलेत," असं त्यांनी इतक्या जणांना सांगितलं होतं, की मालवणच्या त्या कॉलेजातला शिपाईसुद्धा नव्या माणसाला त्यांची ओळख 'निष्कर्ष राहिलेले सर' अशीच करून द्यायचा. प्रबंधाचा विषय होता, 'कोकणातील ग्रामीण कुटुंबांचा वेळेचा विनियोग'. लोक आपला वेळ कशात घालवतात हे शोधण्यात सरांची आठ वर्षं गेली होती. आता डिसेंबर संपला की नोंदणी रद्द होणार होती. नोंदणी गेली की नोकरी कायम होण्याची आशाही जाणार होती, आणि मग तासगावला सासऱ्यांच्या द्राक्षबागेत जावई म्हणून मिरवायचं की गडी म्हणून राबायचं, एवढाच प्रश्न उरणार होता.

अशा नाजूक वेळी प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. एम.ए.च्या मुलांसाठी कॉलेजात 'मार्गदर्शक योजना' होती. प्रत्येक प्राध्यापकाच्या पदरात काही मुलं टाकलेली. त्यांना आधार द्यायचा, अडीअडचण विचारायची, एकदा घरी जाऊन यायचं आणि ठिकाण-वेळ छापून येणारा फोटो काढायचा. सरांनी बाकीच्या मुलांना कॅन्टीनमध्ये चहा पाजून एका दुपारीच सगळा आधार देऊन टाकला होता. राहिली होती एकटी अक्षया. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला पहिली आलेली, पुढे पीएच.डी. करणार म्हणणारी ही मुलगी महिनाभर वर्गात फिरकली नव्हती, आणि तिचा फोनही बंद होता.

पुढच्या आठवड्यात मूल्यमापन समिती येणार होती. हुशार मुलीच गळायला लागल्या तर समितीला काय तोंड दाखवायचं, असं प्राचार्यांचं म्हणणं. "तिला परत आणा," ते म्हणाले. "आणि आणता नाही आलं तर निदान घरासमोर फोटो तरी काढून आणा."

अक्षयाचं गाव आचऱ्याच्या शेजारी. नाव सांगत नाही. गावाला नसती प्रसिद्धी आवडत नाही. खरमाटे सर मोटारसायकलवरून निघाले. पाठीवर सॅक, सॅकेत प्रबंधाचा गठ्ठा. तो ते सगळीकडे नेत, कारण तो जवळ असला की काम चालू आहे असं वाटे. फोनमधल्या नकाशाने त्यांना हमरस्ता सोडायला लावून खाडीकडच्या बांधावरून मागच्या मागे गावात नेलं.

गावात कोणी नव्हतं. कोणी नव्हतं म्हणजे माणूस नव्हतं, गाय नव्हती, कोंबडी नव्हती, आणि परक्या माणसावर भुंकणं हे ज्यांचं कामच, ती कुत्रीसुद्धा नव्हती. दारांना कड्या घातलेल्या. सरांनी अक्षयाचं घर फोनवरच्या पत्त्यावरून हुडकलं, हाका मारल्या, पडवीत बसून वाट पाहिली. पडवीत केळीचा पिकलेला घड टांगलेला होता. भूक लागली तेव्हा त्यांनी त्यातली दोन खाल्ली, मग संकोच मोडल्यामुळे आणखी दोन खाल्ली. शेवटी वैतागून त्यांनी मोटारसायकलचा हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

आता, जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक होतं ते खरमाटे सरांना ठाऊक नव्हतं. त्या गावात गावपळण चालू होती. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल झाला की अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो, माडाच्या झापांच्या झोपड्या बांधून तीन रात्री राहतो, आणि देवाने परतीचा कौल दिला की घरी येतो. तेवढे दिवस गाव देवाचा. कौल घेणाऱ्या मानकऱ्यांखेरीज आत कोणी पाऊल टाकायचं नाही. स्टाफरूममध्ये आठवडाभर याचीच चर्चा होती. पण सर तेव्हा बसून प्रबंधाकडे बघत होते.

वेशीबाहेर माणसं नुकती झोपड्या बांधून टेकली होती, तेवढ्यात निर्मनुष्य गावातून हॉर्न ऐकू येऊ लागला. बायकांनी हात जोडले. देवाचं वाहन घोडा, हे सगळ्यांना माहीत होतं. पण घोडा असा वाजत नाही, यावरही एकमत झालं. हॉर्न जवळ जवळ येत गेला आणि वेशीवरच्या वळणावरून हेल्मेट घातलेले खरमाटे सर प्रकटले.

लवू मानकऱ्यांनी त्यांची गाडी अडवली. हाडकुळा, मोजकं बोलणारा म्हातारा. पण त्याच्या शब्दाबाहेर गावात कोणी नसे. सरांनी आपण कोण, कशाला आलो, नकाशाने कसा घात केला ते सगळं सांगितलं, आणि आता मी निघतो म्हणाले.

"जातास खंय?" लवू म्हणाले. "भितर गेलो तो गावातलो झालो. आणि गावातल्या माणसान कौल होयसर हडेच रवाचा आसता."

"अहो, पण मी तासगावचा."

"केळी खंयची खाल्लास?" मागून एक बाई म्हणाली. सरांच्या मिशीला लागलेलं केळं तिने बरोबर ओळखलं होतं. ही काशीबाई, अक्षयाची आत्या. "आमच्या पडवेतली मां? मगे आमच्याच झोपडेत रवात."

सरांनी घाबरून प्राचार्यांना फोन लावला. वेशीबाहेर एका माडाच्या बुंध्याशी उभं राहिलं की नेटवर्क मिळायचं. प्राचार्यांना हे ऐकून अतोनात आनंद झाला. घरभेटीला समिती एक गुण देते, निवासी मार्गदर्शन शिबिराला पाच, असं सांगून त्यांनी सरांना मुळीच हलू नका म्हणून बजावलं.

संध्याकाळी झोपडीसमोर सरांनी अक्षयाला गाठलं आणि मार्गदर्शकाला शोभेल अशा आवाजात विचारलं, की बाई, तुला अडचण काय आहे? पैशाची आहे, की घरचे नको म्हणतात?

"नाही सर," अक्षया म्हणाली. कॉलेजच्या माणसाशी ती कॉलेजातल्यासारखंच बोलायची. "मी तुमच्यामुळे सोडलं."

सरांना वाटलं, आपल्या हातून काही कमी-जास्त झालं की काय. तसं नव्हतं. ती म्हणाली, की पीएच.डी.चं तिच्या मनात पक्कं होतं. पण रोज डिपार्टमेंटमध्ये त्यांना बघून बघून तिचा धीर सुटला. एवढं शिकून माणूस आठ वर्षं तोच गठ्ठा घेऊन हिंडत असेल, तर त्यापेक्षा बांद्याला मावशीच्या काजू कारखान्यात कामाला लागलेलं काय वाईट?

कोणी इतकं खरं आणि इतक्या नम्रपणे सरांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे की मुलीचं काही चुकत नव्हतं.

"रागावू नका," ती म्हणाली. "तुम्ही ते संपवलंत तर मी येते कॉलेजात. शब्द देते."

हे काशीबाईंनी ऐकलं, आणि दिवेलागणीपर्यंत ते सगळ्या वेशीला कळलं. सरांचा शेवटचा चाप्टर झाला तरच आपलं चेडू शिकणार, असा त्याचा अर्थ गावाने लावला. गावपळणीत माणसाला दुसरं काही काम नसतं. शेती मागे, घर मागे, टीव्ही मागे. त्या सगळ्या रिकाम्या गावाने मग खरमाटे सरांना आधार द्यायचं मनावर घेतलं.

तो आधार ज्याने सोसला त्यालाच ठाऊक. सर्वात चांगली सावली बघून सरांची चटई घातली गेली. भजनी मंडळ पार टोकाला हलवलं. ओरडणारा एक कोंबडा होता, त्याचं दुपारी सुकं झालं. येता-जाता प्रत्येक जण "किती पाना झाली?" विचारून जाई, लवू मानकरी काही न विचारता नुसते उभे राहत, आणि ते अधिक भयंकर असे. सर पाय मोकळे करायला उठले की कोणीतरी प्रेमाने त्यांना परत चटईवर आणून बसवी. जेवणाचा कारभार काशीबाईंकडे. माशाचं तिखलं शिजल्याचा वास चटईपर्यंत यायचा, पण वाढायच्या आधी त्या हात पुढे करायच्या.

"पाना दाखवा."

त्यांना त्यातलं अक्षर कळत नसे; पण पान भरलंय की नाही हे कळायचं. अर्धं पान असलं की तुकडीही अर्धी मिळे. मेसचं जेवून कंटाळलेल्या सरांना आठ वर्षांत इतका स्पष्ट अभिप्राय गाईडकडूनही मिळाला नव्हता. ते लिहू लागले. जेवणं झाली की अक्षया ती पानं मोठ्याने वाचून दाखवी आणि गाव मन लावून ऐके.

तिसऱ्या दिवशी शेवटची पानं आली. सगळे आवरून-सावरून बसले, कारण एवढ्या तक्त्यांमधून सरांना काय गवसलं, याची सर्वांना उत्सुकता होती. अक्षयाने वाचलं, "सारांश, कोकणातील कुटुंबांच्या वेळेच्या विनियोगाबाबत ठोस विधान करण्यासाठी अधिक संशोधनाची आवश्यकता आहे."

मग काशीबाई म्हणाल्या, "म्हंजे, सापडाक नाय."

"असंच लिहितात," सर ओशाळून म्हणाले. अक्षयाने कागद जुळवून त्यांच्या हातात दिले आणि ती उठून भांडी घासायला गेली. पूर्ण तर झालंच आहे, असं त्यांनी तिच्या पाठीकडे बघत सांगितलं; तिने मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानकरी देवळात परतीचा कौल घ्यायला गेले. इकडे झोपड्या अर्ध्या उतरल्या होत्या, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी पिशव्या भरल्या होत्या, गुरांनाही चाहूल लागली होती. लवू परत आले ते मान खाली घालून.

"देवान कौल देवक नाय," ते म्हणाले.

असं पूर्वीही झालेलं होतं. मग एक दिवस जास्त राहायचं, एवढंच. पण का दिला नाही, हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही. सगळा गाव, पिशव्या घेतलेल्या चाकरमान्यांसकट, हळूहळू वळून खरमाटे सरांकडे बघायला लागला. कोणी रागावलं नव्हतं. काशीबाईंनी तर मुकाट्याने पुन्हा चूल पेटवली आणि पेजेचं पहिलं पातेलं त्यांच्या चटईशी आणून ठेवलं.

सर बसले आणि आपल्याच तक्त्यांकडे बघू लागले. काम इतके तास, विश्रांती इतके तास, आणि प्रत्येक गावाच्या तक्त्यात शेवटी 'हिशेब न लागणारा वेळ'. आठ वर्षं त्या रकान्याने त्यांचं डोकं पिकवलं होतं. लोक खोटं सांगतात, असा त्यांचा समज होता. मग त्यांनी मान वर करून पाहिलं. काशीबाई पेजेला मीठ घालत होत्या, कोणी झाप सरकवून त्यांच्यावरची सावली वाढवत होतं, लवू उगीच उभे होते. गेले तीन दिवस या माणसांनी आपल्यासाठी जो वेळ घालवला, तो कुठल्या रकान्यात घालणार? हे काम नव्हे आणि विश्रांती तर नव्हेच. विचारलं तर काहीच केलं नाही म्हणतील. सरांनी जुनं शेवटचं पान फाडलं आणि त्या रकान्यापासूनच पुन्हा लिहायला घेतलं, आणि त्या दिवशी पेज निवली तरी त्यांना कळलं नाही.

रात्री अक्षयाने ते वाचून दाखवल्यावर काशीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि असला चुलीचा धूर आपल्याला सोसत नाही म्हणाल्या. दुसऱ्या सकाळी देवाने उजवा, होकाराचा कौल दिला. देवाचं कारण देव जाणे. गावाला ते आधीच ठाऊक होतं.

प्रबंध मुदतीत गेला. अक्षया शब्दाप्रमाणे वर्गात हजर झाली. आणि काही महिन्यांनी कोल्हापूरला सरांची तोंडी परीक्षा लागली. अशा परीक्षेला कोणीही येऊन बसावं, असा नियम असतो; पण सहसा गाईडशिवाय कोणी येत नाही. त्या दिवशी टेम्पोतून चाळीसेक माणसं उतरली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना वाटलं, मोर्चाच आला. प्रश्नोत्तरं झाली, आणि निर्णयासाठी सर्वांनी बाहेर थांबावं असं त्यांनी जरा बिचकतच सांगितलं. व्हरांड्यात चटया अंथरल्या गेल्या, डबे सुटले. थोडा उशीर होईल, असं सांगायला गाईड डोकावले.

"होऊ दे सावकाश," लवू म्हणाले. "आमका भायर रवाची सवय आसा."

अर्ध्या तासाने दार उघडलं आणि खरमाटे सर डॉक्टर झाले. गावाने त्यांना पेढा भरवला, आणि त्या गडबडीत सरांनीच आनंदाने सांगून टाकलं, की अक्षयानेही पीएच.डी.साठी अर्ज केला आहे. क्षणात सगळी तोंडं तिच्याकडे वळली. सरांना ती नजर ओळखीची होती.

"बरा झाला," लवू मानकरी म्हणाले. "चार वरसांनी परत गावपळण आसा. तवसर होवक होया."

काशीबाईंनी मान डोलावली. मघापर्यंत हसत असलेल्या अक्षयाने केविलवाण्या नजरेने मार्गदर्शकांकडे पाहिलं. डॉ. खरमाटे तिच्या कानाशी वाकले आणि नोकरीला लागल्यापासूनचं पहिलं खरं मार्गदर्शन त्यांनी केलं.

"शेवटचं प्रकरण आधी लिही."