भिंतीले हात लावाचा नाई!

"भिंतीले हात लावाचा नाई! बाथरूम मी मोठं करून दाखवतो!"

अनुपनं हे असं छाती ठोकून सांगितलं की बडनेऱ्याच्या त्या घरातली भिंतीवरची पालसुद्धा थबकली.

भानगड अशी. बाथरूम चार बाय चार. पाय घासायला वाकलं की मागची बाजू दाराला धडकायची, कडी निसटायची, अन् अख्ख्या अंगणाला दर्शन! रेल्वेतून रिटायर झालेल्या पंजाबरावांनी, म्हणजे अनुपच्या बाबांनी, फर्मान काढलं. मधली भिंत पाडा अन् बाजूच्या अनुपच्या खोलीतून तीन फूट घ्या. आता अनुपची खोलीच सात फुटाची! तीन गेले तर पाय काय खिडकीतून बाहेर काढून झोपायचं? पोट्ट्याचं डोकं सणकलं.

"जागा वाढवा लागत नाई, बाबा! वाढल्यासारखी वाटली म्हनजे झालं. मी सारे व्हिडिओ पाह्यले!"

"जेवल्यासारखं वाटलं म्हनून पोट भरते काय बे?" पंजाबराव कडाडले. "मिरगाच्या पावसापर्यंत टाईम देतो तुले. मोठं नाई वाटलं तर भिंत गेली समज!"

अनुप पेटला. पांढऱ्या फरश्या लावल्या. खुंट्या उपटल्या, फळी उखडली, जुनं दार काढून पट्टीवर सरकणारं दार बसवलं. अन् समोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एकच आरसा! बाथरूम असं दिसायला लागलं की आत क्रिकेट खेळावं!

पहिल्या दिवशी पंजाबराव चष्मा काढून, टॉवेल गुंडाळून आत गेले. अन् लगेच बाहेर! बकेट घेऊन दाराशी उभे. बराच वेळ उभे. मग भडका उडाला.

"अबे अनुप! कोनता पाहुना घुसवला बे आत? कवाचा उघडा उभा हाय. आंघोळ बी करत नाई, निंगत बी नाई!"

"बाबा, ते तुमीच हा!"

"मी इतला बुढा हावो काय बे?"

त्या दिवशी आंघोळ राहिलीच.

मग आईची पाळी. बेबीताई आत डोकावल्या अन् तिथूनच सुरू झाल्या. "खुंट्या काहून काढल्या रे?"

"मोकळं दिसते, आई."

"मंग लुगडं काय दातात धरून आंघोळ करू? अन् हा आरसा! मले माह्याच समोर लाज वाटते!"

आईनं आरशावर जुनी चादर चिकटवली. अनुपनं ओढून काढली. तिनं परत चिकटवली. घरात तोंडं तीन, अन् तिन्ही फुगलेली!

पण मिरगाच्या दिवशी पंजाबरावांनी चष्मा लावून चारही कोपरे पाहिले. तोंड कडू करून म्हणाले, "वाटते बाप्पा मोठं."

जिंकला अनुप! वाचली भिंत!

गोष्ट इथंच संपायला पाहिजे होती. पण आपल्या वऱ्हाडात एकदा पाऊस लागला की घरोघरी एकच भांडण असते, कूलर कुठं ठेवायचा? उन्हाळाभर हवा देणारा तो लोखंडी हत्ती बाकीचे महिने जावयासारखा घरात ठाण मांडून बसते! दरवर्षी तो बेबीताईंच्या स्वयंपाकघराचा कोपरा खायचा.

"आता इतली मोठी जागा हाय ना," बेबीताई म्हणाल्या. "कूलर बाथरूमात ठेवू."

अनुप किंचाळला, "आई, ते मोठं नाई! मोठं दिसते फक्त!"

पंजाबराव गर्रकन वळले. "म्हनजे? मोठं हाय का नाई, एक सांग. नाई म्हन, आत्ता भिंत पाडाले घन आनतो!"

हो म्हणावं तर कूलर, नाही म्हणावं तर भिंत! अनुपनं दात खाल्ले. "...हाय."

"मंग मी आतून ओढतो. तू बाहेरून रेट!"

पंजाबराव आत शिरले. अनुपनं महिनाभराचा राग खांद्यात आणला अन् रेटला! कूलर अर्धा आत गेला, सरकत्या दाराच्या पट्टीत त्याचे पाय फसले, अन् बसला! ना आत, ना बाहेर.

"ओढा ना, बाबा!"

"कुठं ओढू बे? पाठ आरशाले चिपकली माही! आंग हालवाले जागा नाई, अन् म्हने मोठं!"

बाहेरून ओढून पाहिलं. घरानं जीव सोडला असता, कूलरनं पट्टी सोडली नाही. शेवटी शेजारचे सूर्यभानकाका घण घेऊन धावत आले.

"बोला वहिनी, कूलर तोडू का भिंत?"

"कूलर महागाचा हाय!" बेबीताई कूलरच्या आडव्या आल्या.

"भिंत फोड!" आतून गर्जना आली. "पोट्ट्याच्या खोलीकडची!"

"काका, थांबा! भिंतीले हात—"

धडाम!

धूळ बसली. भगदाडातून पंजाबराव निघाले ते थेट अनुपच्या पलंगावर येऊन बसले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफेक. त्यांनी मागं वळून बाथरूम पाहिलं, मग पलंग पाहिला, टेबल पाहिलं, खिडकी पाहिली.

"आता वाटून राह्यलं मोठं," ते म्हणाले.

कूलर अजून दारातच हाय. म्हणून सारं घर आंघोळीला अनुपच्या खोलीतून जाते, बकेटीसकट. अन् अनुप? तो स्वयंपाकघरात झोपते, कूलरच्या रिकाम्या कोपऱ्यात.

डोळे मिटले की बरीच मोठी वाटते म्हणे जागा!