पैलवानाचं माहेर

आमच्या शेजारच्या इंदूमावशीला नवीन वस्तू दाखवली की ती किंमत विचारत नाही. विचारते, "हिचं माहेर कोणतं?" वांग्यांना विचारते, केरसुणीला विचारते. एकदा आमच्याकडे आलेल्या विमा एजंटालाही तिनं विचारलं होतं. तो बिचारा लाजत म्हणाला, "तळेगाव." सेलूच्या बाजारात तर भाजीवाल्या तिला लांबूनच ओरडून सांगतात, "वांगे गिरडचे आहेत मावशे, आता मायबापाचं नाव नको विचारू!"

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. हे आत्ताच सांगून टाकतो, पुढे हिंमत होणार नाही.

लेकीसाठी मी वर्ध्याच्या एका दुकानातून ससा आणला. दुकानदार म्हणाला, नर आहे. मी सशाचे कान तपासले आणि तज्ज्ञासारखी मान डोलावली. नाव ठेवलं पैलवान.

"माहेर कोणतं?" मावशीनं कुंपणावरून विचारलंच.

"दुकान."

"दुकान काय माहेर असते, गुरुजी? दुकान म्हणजे बसस्टँड."

तीन आठवड्यांत पैलवानाचं पोट सुटलं. स्वतःच्या पोटाला जे कधी जमलं नाही ते मी त्याच्यावर केलं, खाणं निम्म्यावर आणलं. मग एका सकाळी तो छातीची लोकर दातांनी उपटून कोपऱ्यात रचू लागला. मी निदान केलं, त्वचारोग. खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसलो.

"काय करून राह्यले?" मावशी.

"मालिश."

ती आत आली, वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवो गुरुजी, तुमचा पैलवान गाभण आहे! पिलांसाठी गादी करून राह्यली ते. अन् तुम्ही तिले उपाशी ठेवून राह्यले! हाडं लागतेत हाताले. वाचते का नाई, देव जाणे."

बायको हसायला लागली होती, ती एकदम थांबली. लेक रडू लागली. माझ्या हातात वाटी तशीच.

"पहिलं बाळंतपण माहेरी," मावशी म्हणाली. "लावा दुकानाले फोन."

मी लावला, स्पीकरवर. मावशीनं थेट सशाचं माहेरच विचारलं.

"नागपूरहून सशांची पेटी येते जी," दुकानदार म्हणाला. "त्याच्या मागचं आपल्याले माहीत नाई. मालाचं माहेर कोण विचारते, मावशी?"

"मी विचारून राह्यली. हिची माय कोठी आहे? दूध सुटेपर्यंत तरी राहू देलं का हिले तिच्यापाशी? नर-मादी एकाच पेटीत काऊन कोंबतेत?"

दुकानदाराचा आवाज खाली आला. "मी ते जागा कधी पाह्यलीच नाई जी. पेटी उघडली का दोन-तीन मेलेलेच असते."

त्याच पेटीतला एक मी हौसेनं विकत आणला होता. आणताना मी एकच प्रश्न विचारला होता, चावतो का?

"ठेवा फोन," मावशी म्हणाली. "हिचं माहेर माह्याकडे."

पदराखाली धरून तिनं सशिणीला नेलं. दिवसभर कोणालाही दारात येऊ दिलं नाही. जीवशास्त्राच्या शिक्षकाला तर मुळीच नाही. संध्याकाळी दार उघडलं. चार पिल्लं, गुलाबी, जिवंत. आईही जिवंत, लसूणघास खात बसलेली.

मी डिंकाचे लाडू घेऊन गेलो. आभार मानायला तेवढंच सुचलं. लाडू मावशीनंच खाल्ले. मग मी विचारलं. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं.

"मावशी, तुझं माहेर कोणतं?"

"धरणात," ती म्हणाली. पिल्लांवरची लोकर सारखी करत राहिली. "माह्या पहिल्या खेपेले गाव उठून राह्यलं होतं. मायनं निरोप धाडला, पोरी, येऊ नको, चूल कोठी मांडू तेच ठरलं नाई. नाई गेली मंग."

दूध सुटेपर्यंत तिनं एकही पिल्लू हलवू दिलं नाही. दुकानदाराचा फोन आला होता, पेटी थांबवली आहे, आधी ती जागा पाहून येतो म्हणाला. जातो का पाहू.

मग एका सकाळी मावशीनं पैलवानाला आमच्या घरी पोचवलं. पाठीला हळदीचं बोट लावलेलं, सोबत गाजरांची जुडी. लेकीच्या मांडीवर तिला ठेवलं, कानांमागे खाजवलं आणि म्हणाली, "दिवाळीले येजो वं पोरी. माहेर आहे तुले."