नालोंगोनं मॅटिंग धुतलं!

पोरांचं वसतिगृह चालवावं तर मीच! माझ्या पोरांच्या कॉलरी बघा. अख्ख्या युगांडात दुसऱ्या शाळेत इतक्या पांढऱ्या निघाल्या तर नाव बदलीन! जुळी जन्माला घातली म्हणून सगळे मला नालोंगो म्हणतात, हेडमास्तरसुद्धा!

एकदाच काय तो त्यांचा लोकरी स्वेटर माझ्या हातून आटला. त्यांच्या कुत्र्यालाही घट्ट व्हायचा.

"नालोंगो, यापुढे मला न विचारता काही धुतलंत, तर बस धरून गावी जायचं!" हेडमास्तर कडाडले.

आता तुम्हीच सांगा, उद्या डोंगरावरच्या शाळेशी क्रिकेट, आणि आमचं पिचवर अंथरायचं तागाचं मॅटिंग लाल मातीनं माखलेलं! हेडमास्तर कंपालाला गेलेले. विचारणार कुणाला? मक्याच्या पिठाचा पोशो शिजवायच्या पातेल्यात पाणी उकळलं, साबण ढकलला आणि अख्खी पाचवी मॅटिंगवर नाचवली. काय मळ निघाला म्हणता!

सकाळी खेळाचे मास्तर ओपोलोट ते अंथरायला गेले आणि किंचाळलेच.

"नालोंगो! हे आखूड झालंय!"

"मग ओढा की!"

"ओढलं! अख्खी टीम लावून ओढलं!"

एका टोकाला गाय आडवी झोपेल एवढी जमीन उघडी. माझ्या डोळ्यांपुढे गावची बस येऊन उभी राहिली!

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली, मागोमाग हेडमास्तर! ओपोलोटनी घाईघाईनं खिळे ठोकले आणि नेहमीसारखे मॅटिंगच्या टोकांना स्टंप रोवले.

पाहुण्यांचे मास्तर डोळे बारीक करून म्हणाले, "आज पिच छोटं वाटतंय?"

"पोरं मोठी झाली तुमची!" मी म्हटलं. "खायला काय घालता हो?"

त्यांचे बॉलर ताडासारखे. जीव खाऊन टाकलेला बॉल सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट केळीच्या बागेत! आमचा मायान्जा मुठीएवढा. त्याचा बॉल एरवी वाटेत दोनदा विसावा घ्यायचा. आज पहिल्यांदाच स्टंपांपर्यंत पोचला! पोचला कसला, दांड्या उडवत सुटला! आम्ही जिंकलो!

हेडमास्तर मॅटिंगपाशी आले. वाकून बघितलं.

"नालोंगो, हे धुतलंत?"

"...हो."

"मला न विचारता?"

मी बसच्या रस्त्याकडे बघितलं.

"काय चकाचक केलंत हो! त्या स्वेटरचं आता विसरून जा." असं म्हणून त्यांनी अंगातला, प्रवासात धुळीनं माखलेला नवाकोरा कोट काढून माझ्या हातात दिला. "शाळा तपासायला साहेब लोक यायच्या आत एवढा धुऊन ठेवा."

असा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू! गावची बस माझ्यावाचून गेली!

कोट कालच धुतला. मायान्जाला अगदी मापात बसतो.