दोन मजल्यांच्या मधे

माणूस संकटात सापडला की पहिली चूक तो स्वतः करतो आणि दुसरी त्याच्यावर सिनेमा काढणारा करतो, असं जाणकारांचं ठाम मत होतं. जाणकार हे त्यांचं ऑफिसातलं टोपणनाव. एरवी ते आवक-जावक विभागात कारकून होते. बर्फात, वाळवंटात, भर समुद्रात अडकलेल्या माणसांचे सिनेमे ते रोज जेवल्यावर सोफ्यावर आडवे होऊन बघत आणि पडद्यावरच्या माणसाला फैलावर घेत.

"बघ, ओरडतोय! अरे गाढवा, ताकद वाचव! फोनची बॅटरी उडवली, बिस्किटं एका दमात फस्त केली. मी असतो ना तिथे..."

"तुम्ही असता तर रिमोट शोधत बसला असता," बायको म्हणायची. "आणि तो तुमच्याच पाठीखाली निघाला असता."

घरात नसली तरी ऑफिसात त्यांच्या मतांना किंमत होती. म्हणूनच 'आपत्ती व्यवस्थापन अधिकारी' असं नवं पद निघालं, तेव्हा जाणकारांनी अर्ज ठोकला. दुसरा अर्ज शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांचा होता. भाऊसाहेबांना खुर्चीतून उठताना फारसं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पद आपलंच, हे जाणकार धरून चालले होते.

मुलाखत पाचव्या मजल्यावर होती. जाणकार कडक इस्त्रीच्या शर्टात लिफ्टमध्ये शिरले आणि मागोमाग मुलाखत घेणाऱ्या मोठ्या मॅडमच आत आल्या. दोन मजले चढले असतील, तोच दिवे गेले. लगेच परत आले, पण लिफ्ट काही हलेना.

मॅडमनी बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका!" जाणकार कडाडले. "घाबरलेला माणूस आधी काहीतरी दाबतो. निम्म्या सिनेमांची तिथेच वाट लागते."

"अहो, पण नुसतं..."

"बोलू नका, हवा संपते. फोन बंद करा, बॅटरी लागेल पुढे."

डोळ्यांदेखत मुलाखत घडून येत होती! जाणकारांना स्फुरण चढलं. त्यांनी दोन्ही फोन बंद केले. मॅडमच्या पर्समधला बिस्किटांचा पुडा ताब्यात घेतला आणि एका बिस्किटाचे चार तुकडे करून एक मॅडमच्या हातावर ठेवला.

"हा दुपारचा," ते म्हणाले.

"आणि संध्याकाळी?"

"तेव्हा कोण उरतंय, ते बघून ठरवू."

मॅडमनी दारावर थाप मारली. जाणकारांनी त्यांना हाताला धरून कोपऱ्यात बसवलं, खालून गारठा लागू नये म्हणून आपली फाइल बसायला दिली आणि स्वतः शर्टाची बाही फाडून डोक्याला बांधली. बाही का फाडायची हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण फाडतात सगळे.

शेवटी मॅडमचा संयम सुटला. त्या ताडकन उठल्या, जाणकारांना बाजूला ढकललं आणि तळमजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट गुमान खाली आली.

दार उघडलं, तर समोर अख्खं ऑफिस! खुर्च्या मांडलेल्या, हातात चहाचे कप, आणि सगळ्यांच्या माना पहारेकऱ्याच्या टेबलावरच्या पडद्याकडे. लिफ्टच्या कॅमेऱ्यातलं चित्र तिथे दिसत होतं. आवाज तेवढा येत नव्हता.

"मधे जरा ताणलं," टायपिस्ट बाई म्हणाल्या.

"बिस्किटाचा सीन झकास, पण बाही उगाच फाडली," रोखपाल म्हणाले.

"मी असतो तर आधी बटण दाबलं असतं," पहिल्या रांगेतून भाऊसाहेब म्हणाले. बसूनच.

जाणकारांचा पारा चढला. "अरे, मग लिफ्टवाल्याला फोन करायला काय झालं होतं तुम्हाला?"

"करणारच होतो साहेब," पहारेकरी ओशाळून म्हणाला. "वहिनींचा फोन आला, तुमचा लागत नाही म्हणून. त्याही म्हणाल्या, लिफ्टवाल्याला बोलवा. म्हटलं, एवढा शेवट बघतो नि लावतो."

आठवडाभराने निकाल लागला. 'संकटकाळात बाहेरून सतत लक्ष ठेवल्याबद्दल आणि अचूक उपाय सुचवल्याबद्दल' भाऊसाहेबांची नेमणूक झाली. जाणकारांना एका बाहीचा खर्चसुद्धा मंजूर झाला नाही.

त्या रात्री ते सोफ्यावर आडवे झाले. पडद्यावर एक माणूस बर्फात अडकला होता.

"काय हो, आज काही बोलत नाही?" बायकोने विचारलं.

"त्याला ऐकू जात नाही गं," जाणकार म्हणाले.

तुम्हाला मात्र, दिवे परत आले तेव्हाच कळलं होतं ना, बटण नुसतं पुन्हा दाबायचं ते? मग बोलला का नाहीत? असू दे. चहा संपवा आधी.