आ वासून बसलेले मासे

दातांच्या त्या नव्या दवाखान्यात रांगेने आ वासून बसले ते पेशंट नव्हतेच, मासे होते.

दवाखाना थाटून जेमतेम महिना होत आला होता. खुर्ची नवी, दिवा नवा, आणि भिंतींचा रंग इतका ताजा की टेकून बसणाऱ्याच्या पाठीवर उमटायचा. बाहेरच्या खोलीत काचेची ऐसपैस टाकी होती. ती डॉक्टरीणबाईंच्या नणंदेची भेट. दातांच्या डॉक्टरकडे माणूस येतो तोच अर्धमेला होऊन. समोर चार मासे फिरताना दिसले की त्याचा जीव जरा थाऱ्यावर राहतो, असं नणंदेचं म्हणणं. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि तिच्या घरात माणसांपेक्षा मासे जास्त होते.

टाकी पाठवली त्या दिवशी नणंदेने फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं होतं. पाणी भर, फिल्टर चालू ठेव, पण मासे इतक्यात सोडू नकोस. नवं पाणी काही आठवडे पिकू द्यावं लागतं. नेमकी त्या वेळी डॉक्टरीणबाई कुणाची तरी अक्कलदाढ हलवत होत्या. फोन खांद्यात, पक्कड हातात. "हो ताई, हो ताई" म्हणत त्यांनी जे ऐकलं ते एवढंच, की पाणी भरायचं आणि मासे सोडायचे. दुसऱ्याच दिवशी त्या स्वतः जाऊन केशरी शेपट्यांचे गप्पी घेऊन आल्या. येताना पिशवी मांडीवर अशी धरली होती, की नवऱ्याने गाडी चालवताना वळणावर श्वाससुद्धा रोखून धरला.

मग काय, बाईंना दुसरं काही सुचेना. दोन पेशंटांच्या मध्ये वेळ मिळाला की बाहेर यायचं, चिमूटभर खाणं टाकायचं आणि काचेला नाक लावून उभं राहायचं. काउंटरवर बसणाऱ्या मावशींनाही त्यांनी कामाला लावलं होतं. जाता येता त्याही चिमूट टाकायच्या. माशांची चंगळ होती.

तिसऱ्या दिवशी पाणी गढुळलं. चौथ्या दिवशी ते तांदूळ धुतल्या पाण्यासारखं पांढरं झालं.

डॉक्टरीणबाईंचं सगळं शिक्षण एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं: जंतू दिसला की मारायचा, न दिसला तरी मारायचा. त्यांनी मासे बादलीत काढले, टाकी रिकामी केली, तळाचे खडे उकळले आणि फिल्टरमधला स्पंज थेट हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्रात टाकला. स्पंज बाहेर आला तो अगदी शुद्ध होऊन आणि निम्मा होऊन. तो कसाबसा कोंबून बसवला, ताजं पाणी भरलं, मासे परत सोडले, आणि टाकी अशी लखलखली की बाईंनी हौसेने फोटो काढून नणंदेला पाठवला. नणंदेचं उत्तर आलं, "त्यात मासे कसे?" त्या प्रश्नाचा रोख बाईंना कळला नाही, म्हणून त्यांनी हसरा चेहरा पाठवून विषय मिटवला.

दोन दिवसांत पाणी पुन्हा पांढरं. पुन्हा उकळाउकळ. पुन्हा लखलखाट, पुन्हा पांढरं. बाई जितक्या पेटून घासत, तितकं पाणी हट्टाला पेटे.

आणि मग मासे वर आले. सगळेच्या सगळे पाण्याबाहेर तोंडं काढून, आ वासून, एका ओळीत. गाल धरून बसलेल्या एका आजोबांनी मावशींना हळूच विचारलं, की ह्यांचे नंबर माझ्या आधीचे का. तेवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडता आलं असतं. पण एका पेशंट बाईंनी टाकीकडे बघितलं, मग आत चूळ भरायच्या पेल्याकडे बघितलं, दोन्हीकडे पाणी एकाच नळाचं का असं विचारलं, आणि गॅसवर दूध ठेवून आल्याचं आठवून ज्या गेल्या त्या गेल्याच.

अशात सरांचा फोन आला.

सर म्हणजे डॉक्टरीणबाईंचे कॉलेजातले गुरू. ते आता स्वतःचा दवाखाना बंद करत होते, आणि आयुष्यभराचे पेशंट कुणाच्या तरी हाती सोपवायचे होते. परवा सकाळी येतो, दवाखाना बघतो, म्हणाले. सरांचं बघणं म्हणजे काय ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. कॉलेजात ते ट्रेच्या खालच्या बाजूने पांढरा रुमाल फिरवायचे. रुमाल मळला की विद्यार्थी बाहेर. असा बाहेर पडलेला एक जण पुढे दात सोडून कापडाच्या धंद्यात गेला होता.

बाईंनी फोन ठेवला, टाकीकडे पाहिलं, आणि अभिमान गुंडाळून नणंदेला फोन लावला. मासे सोडले इथपासून स्पंज आटला इथपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तू जंतू मारलेस?"

"सगळे," डॉक्टरीणबाई सवयीने ताठ होत म्हणाल्या.

"अगं, तेच तर कामाला होते."

मग नणंदेने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी बाईंच्या हातात पक्कड नव्हती. माशांच्या घाणीतून आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्याने माशांचे कल्ले भाजतात, म्हणून ते वर येऊन आ करतात. हे विष खाणारे चांगले जंतू फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वस्ती करतात. तू दर दोन दिवसांनी त्यांचं घरदार उकळते आहेस. आता खाणं बंद कर. पाणी रोज थोडंच बदल, तेही नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारे थेंब घालून. बाकी कशालाही हात लावू नकोस. परवा शाळेच्या आधी मी घेऊन येते.

"काय घेऊन येता?"

"जंतू."

परवाचा दिवस उजाडला. नणंद यायच्या आधीच सर हजर झाले. त्यांनी खुर्चीखालून रुमाल फिरवला, दिव्यामागून फिरवला, काउंटरच्या कडेने फिरवला. रुमाल पांढराशुभ्र. मग सर बाहेरच्या खोलीत येऊन टाकीसमोर उभे राहिले आणि त्या पांढुरक्या पाण्याकडे टक लावून बघू लागले.

तेवढ्यात दार ढकलून नणंद आत आली. केस विस्कटलेले, हातात डबा. इकडे तिकडे न बघता तिने टाकीचं झाकण उघडलं, डब्यातून काळपट तपकिरी, तळ्यातल्या चिखलासारखा वास येणारा स्पंज काढला आणि पाण्यात मनसोक्त पिळला. टाकीत तपकिरी ढग उसळले. बसलेल्या पेशंटांनी पाय वर घेतले. मावशींनी डोळे मिटले.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले.

नणंदेला वाटलं, पेशंट असेल कुणी. "हे जरा धरा," म्हणत तिने स्पंज परत डब्यात टाकला आणि उघडा डबा त्यांच्या हातात दिला. आणि सरांनी तो धरला. हे कोण आहेत ते सांगायला डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्या क्षणी त्या अगदी त्यांच्या माशांसारख्या दिसत होत्या.

सर प्रश्न विचारू लागले. पाणी पांढरं का होतं? सगळं पाणी एकदम बदललं तर? बाईंना वाटलं, तोंडी परीक्षा चालू झाली. पण प्रश्न जरा वेगळ्याच वाटेने चालले होते.

"आणि समजा, एखाद्याने आठवड्यातून दोनदा खडे उकळले तर?"

"तर तो माणूस माशांच्या मुळावर उठलाय," नणंद म्हणाली. "जंतुनाशक नाही ना घातलं त्याने?"

सरांचे कान लाल झाले. त्यांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला आणि डब्यात डोकावत म्हणाले, "थोडंसंच. यातला अर्धा स्पंज मला मिळेल का?"

निवृत्तीनंतर करायचं काय म्हणून लेकीने त्यांच्या घरी टाकी आणून ठेवली होती. महिनाभर ते त्या टाकीला हरवायच्या मागे होते आणि टाकी त्यांना हरवत होती. नणंदेने तिथल्याच कात्रीने स्पंज कापला, अर्धा इथल्या फिल्टरमध्ये बसवला, अर्धा टाकीतल्या पाण्यासकट पिशवीत बांधला आणि चित्रकलेच्या वर्गात सांगावं तसं बजावलं, की हा धुवायचा नाही, पुसायचा नाही, वास आला तरी नाक मुरडायचं नाही. सरांनी तीन वेळा "बरं" म्हटलं. पिशवी दोन्ही हातांत धरून ते पायऱ्या उतरले, तेव्हा पेशंट सोपवण्याबद्दल एक अक्षरही बोललं गेलं नव्हतं. नणंद शाळेत गेली. डॉक्टरीणबाई मात्र दिवसभर दाराकडे बघत राहिल्या.

पाण्याने त्यानंतर आपला वेळ घेतला. बाईंचे हात शिवशिवत, मावशी चिमूट सोडायला धावत आणि मग दोघी एकमेकींना आवरत. हळूहळू पाणी निवळलं, मासे खाली उतरले, तोंडं मिटली, शेपट्या फुलल्या.

आणि एका सकाळी गाल टमाट्यासारखा सुजलेले एक गृहस्थ आले. सरांनी पाठवलंय, म्हणाले. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः जाऊन खुर्ची खाली केली, दिवा वळवला आणि आ करा म्हणाल्या.

गृहस्थांनी हात वर केला. "आधी निरोप देतो, नाहीतर विसरेन. सरांनी विचारलंय, पाणी अजून थोडं पांढरं आहे. बदलू का?"

ज्या माणसासमोर त्या पाच वर्षं चळाचळा कापल्या होत्या, त्याला पहिल्यांदाच काही सुनवायची संधी आली होती. बाईंनी ती सोडली नाही.

"मुळीच नाही म्हणावं. हात मागे बांधून बसा. आणि खाणं एकदम बंद."

गृहस्थांनी सुजल्या गालावर हात ठेवला आणि काळजीने विचारलं, "त्यांचं की माझं?"