धोंडिबांच्या फोटोचा ट्रायपॉड

"फोटो कॅमेऱ्यानं निघतो हा तुमचा गैरसमज आहे. फोटो ट्रायपॉडनं निघतो!" असं महिपती फोटोग्राफर अख्ख्या बदलापुरात भेटेल त्याला सांगायचा. समोरचा घाईत असला, तर जरा सावकाश सांगायचा.

त्याच्याकडे तीन ट्रायपॉड होते. एक वीतभर उंचीचा, बारशाच्या पाळण्यासाठी. दुसरा उल्हासनगरहून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा, लग्नांसाठी. त्याचा पुढचा पाय एका रिसेप्शनमध्ये गुपचूप आत सरकत गेला आणि अल्बमभर नवरानवरीच्या नुसत्या चपला आल्या! तिसरा मात्र सागवानी, माणसाएवढा. "भूकंप झाला तर घर पडेल, पण हा उभा राहील," असं महिपती म्हणायचा. घरातल्या माणसांचं काय होईल, ते सांगायचा नाही.

मांजर्लीच्या भागीरथीनं त्याला बोलावलं ते सासऱ्यांसाठी. धोंडिबांनी अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी औषधं बंद करून फक्त मान हलवायला सुरुवात केली होती. आणि घरात म्हाताऱ्याचा एकही फोटो नव्हता!

"सासूबाईंचाही काढला नाय," भागीरथी म्हणाली. "आता पोरं विचारतात आजी कशी होती. आम्ही सांगतो, चांगली होती. यांचा तरी डोळे उघडे असतानाचा पाहिजे. पण डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दिवा मारायचा नाय हां!"

फ्लॅश नाही, खोलीला खिडकी एकच. म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवायचं, आणि तेवढ्यात जे हलेल ते धुरकट येणार. महिपतीनं जागच्या जागी निदान केलं: सागवानी!

ठरल्या दिवशी, वाटेत पाय फाकू नयेत म्हणून त्यानं तो पांढऱ्या चादरीत गुंडाळला, काथ्यानं करकचून बांधला आणि खांद्यावर घेऊन निघाला. ओझ्यानं मान खाली गेलेली, चेहरा लांब झालेला. गल्लीच्या तोंडाशी पुतळाबाई भात शिजवत बसली होती.

"कुणाकडं रं बाबा?"

"धोंडिबांकडं. अंधार पडायच्या आत उरकायला हवं."

लांब लाकडं, पांढरं कापड, काथ्या आणि दिवस मावळायची घाई. एवढ्यावर मांजर्लीत कुणी आणखी चौकशी करत नाही. पुतळाबाईनं भात खाली उतरवला आणि गळा काढला!

महिपती आत ट्रायपॉडचे स्क्रू आवळतोय तोवर अंगणात वीसेक माणसं जमली. कुणी हार आणला, कुणी मडकं आणलं. भागीरथी बाहेर आली.

"काय झालं? कोण गेलं?"

बायका तिच्या गळ्यात पडल्या. बायका रडताहेत म्हटल्यावर एकटीनं कोरडं राहणं बरं दिसेना, म्हणून तीही रडू लागली. एवढ्यात धोंडिबांचा मुलगा हरिचंद्र जांभूळ गावच्या पंपावरून ड्युटी संपवून आला. दारात गर्दी, बायको रडतेय, एक जण मडक्याला भोक पाडतोय. तो तिथंच मटकन खाली बसला.

"हरिचंद्रा," आतून खोल आवाज आला, "कोन गेलं रं?"

हरिचंद्र उंबऱ्यापर्यंत रांगत गेला. "बाबा... तुम्ही."

"कवा?"

पुतळाबाईचा हुंदका अर्ध्यावर अडकला तो अडकलाच. मडकेवाल्यानं मडकं पाठीमागं लपवलं.

धोंडिबांनी उशीवरून मान वळवून दाराबाहेर पाहिलं. "एवढी मानसं माझ्यासाठी आली?" ते म्हणाले. "आजारात तर कुनी आला नाय. बोलव समद्यांना. फोटोत घे."

महिपतीनं परोपरीनं सांगितलं, एकट्याचा चांगला येईल. म्हातारा ऐकेना. शेवटी त्यांना टेकून बसवलं आणि मागं सगळी मंडळी कोंबली.

"मी झालं म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही!"

धोंडिबांना महिनोन्‌महिने न हलायची सवय होती. ट्रायपॉड तर सागवानीच. बाकीच्यांचं काय सांगावं! पुतळाबाईचा अडकलेला हुंदका नेमका तेव्हाच सुटला. भागीरथीनं डोळे पुसले. हरिचंद्र थरथरत होता. मडकेवाला मडकं ठेवायला जागा शोधत होता.

"झालं!" महिपती म्हणाला. "आता एकट्याचा..."

"झालं ना? मग निजतो," म्हणून धोंडिबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. त्या दिवसानंतर ते फारसे उघडलेच नाहीत.

पुढे ते खरोखर गेले, तेव्हा बातमी ऐकून कुणी हललं नाही. आधी एकाला पाठवून खात्री करून घेतली. मग सावकाश आले, निम्मेच.

फोटो मात्र भिंतीवर लागला. धोंडिबा असे स्वच्छ आलेत की सुरकुत्या मोजाव्यात. डोळे टक्क उघडे. मागं मात्र धुरकट आकृत्या. कुणाला तोंड नाही, कुणाच्या आरपार खिडकीचे गज दिसताहेत. महिपती फोटोखाली उभा राहून जमलेल्यांना सांगत होता, "बघा, ट्रायपॉड तसूभर हलला नाही!"

शहाडहून भेटायला आलेली धोंडिबांची मावसबहीण चांगुणा फोटोसमोर बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मग डोळे पुसत हळूच म्हणाली,

"धोंडू गेला ते समजलं गं. पन ही बाकीची कवा गेली?"