गॉर्जस, ग्रेसफुल आणि घरचा माल

शलाकाने ठरवलं, यंदाच्या संक्रांतीला नवऱ्याकडून एक तरी इंग्रजी शब्द काढायचाच.

त्याचं असं, की सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत हळदीकुंकू झालं की बायकांचे फोटो मराठी मंडळींच्या ग्रुपवर पडतात आणि खाली नवरे लिहितात. घरात पाणी मागतानासुद्धा मान वर न करणारे नवरे तिथे 'स्टनिंग' लिहितात. गेल्या वर्षी शेजारच्या यशश्रीच्या फोटोखाली तिच्या शंतनुने 'गॉर्जस अ‍ॅज ऑलवेज' लिहिलं होतं. शलाकाच्या फोटोखाली पद्माकरने काहीच लिहिलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाला, "छान होता की." छान तो उपम्यालाही म्हणतो. उपमा फसला असेल तर जरा जास्तच जोरात म्हणतो.

"आणि मराठीत चालणार नाही," तिने बजावलं. "सुंदर लिहिलंत तर लोकांना वाटेल, मागच्या रांगोळीबद्दल आहे."

"मग काय लिहू?"

शलाकाने शिकवणी घेतली. क्यूट म्हणजे कुत्र्याची पिल्लं आणि नव्या सुना. प्रिटी तिशीपर्यंत. एलिगंट म्हणजे साडी महागाची आहे. ग्रेसफुल म्हणजे वजन वाढलंय, पण बाई स्वभावाने बरी आहे. (आम्हा चाळिशीपुढच्या बायकांना ग्रेसफुल फार मिळतं.)

"तुला यातला कुठला हवाय?"

"ते तुम्ही तुमच्या मनाने लिहायचं," शलाका लाजून म्हणाली. "फक्त गॉर्जसच्या खाली उतरू नका."

आता हा पद्माकर सरकारी प्रयोगशाळेत तपासणी विभागात. विमानाचे सुटे भाग त्याच्या टेबलावर येतात, केसाएवढा फरक निघाला की आल्या वाटेने परत जातात. असल्या माणसाच्या हातात विशेषणं देऊ नयेत, हे शलाकाला तेव्हा सुचलं नाही.

संक्रांतीला ती काळी पैठणी नेसली. पार्लर झालं. फोटोसाठी पोट आत ओढून इतका वेळ उभी राहिली, की फोटो काढणाऱ्या यशश्रीनेच शेवटी सांगितलं, "सोड आता, झाला काढून." संध्याकाळी फोटो पडले आणि शलाका क्लबहाउसच्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसली.

पद्माकरचा पहिला शब्द आला. यशश्रीच्या फोटोखाली. 'स्टनिंग.'

शलाकाचा तिळगूळ दातात अडकला. पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरच्या धनलक्ष्मी अक्कांना 'एलिगंट', मग कुणाला 'प्रिटी', कुणाला 'ग्रेसफुल'. अख्ख्या हळदीकुंकवाला शब्द वाटून झाले. शलाकाच्या फोटोखाली शुकशुकाट.

ती तडक घरी आली. "झाल्या का सगळ्यांच्या बायका बघून?"

"एकच फोटो बघितला तर पक्षपात दिसतो," पद्माकर शांतपणे म्हणाला. "पूर्ण लॉट तपासावा लागतो."

"मग लॉटमधली मीच कशी राहिले?"

"घरच्या मालाची तपासणी घरच्याने करायची नसते, शलाका. बाहेरचा माणूस लागतो. मी हयवदनला सांगितलंय."

हयवदन म्हणजे पद्माकरच्याच विभागातला, मूळ निपाणीचा, आणि पद्माकरपेक्षाही कडक. तोही ग्रुपवर होता. तेवढ्यात त्याचा अभिप्राय आलाच: 'जनरल कंडिशन गुड. अ‍ॅक्सेप्टेबल फॉर एज.'

त्याखाली शंतनुचा हसरा चेहरा उमटला आणि लगेच पुसला गेला. मग यशश्रीने हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते नक्की कशासाठी, हे शलाकाने स्वतःला विचारलं नाही.

फोन वाजला. हयवदनच.

"वैनी, बघितलासा काय? 'गुड' दिलोय मी. स्वल्प सढळ हातानंच दिलोय. नाहीतर मी कुणाला देत नाही बघा तसलं."

"सरी," एवढाच कानडी होकार देऊन तिने फोन ठेवला आणि पैठणीसकट सोफ्यावर बसली. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, पण पार्लरचे पैसे आठवून तिने पाणी आतल्या आत अडवलं.

पद्माकरने चष्मा काढला आणि तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ तो आजवर फक्त गळक्या नळाकडे बघत आला होता.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "बाकीच्यांचे फोटो मी मोठे करकरून बघितले. कुठला शब्द बसतोय, कळायला हवं ना. तुझा फोटो मोठा करावाच लागला नाही. सुंदर दिसत होतीस. आत्ताही दिसतेस."

अख्ख्या सोसायटीत त्या संध्याकाळी कुठल्या नवऱ्याने घरात, कुणी बघत नसताना, एवढं बोलून दाखवलं असेल? शहाण्या बाईने अशा वेळी मोबाइल उशीखाली सारला असता आणि गप्प बसली असती.

"इथे सांगून काय उपयोग?" शलाका म्हणाली. "ग्रुपवर लिहा. इंग्रजीत."

"अगं, पण नियम…"

"नियम गेला खड्ड्यात. गॉर्जस लिहा. मोठ्या अक्षरांत."

पद्माकरने मुकाट्याने चष्मा चढवला. माणूस बायकोच्या शब्दाबाहेर नाही. पण शेरा कुणाच्या सांगण्यावरून मारला, ते नोंदवल्याशिवाय त्याने उभ्या नोकरीत कधी शेरा मारलेला नाही. त्याने एका बोटाने सावकाश टाइप केलं, एकदा वाचून खात्री केली आणि पाठवलं.

'गॉर्जस (अ‍ॅज पर वाइफ्स इन्स्ट्रक्शन्स).'

सगळी अक्षरं मोठी. कंसातलीसुद्धा.